वाणात गेलेले सात अल्बम

एका ब्रिटिश बँडचे सातही अल्बम मी एका शनिवारी दुपारी हळदीकुंकवाचं वाण म्हणून वाटून टाकले.

हे वाक्य आजवर ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांनी एकेकच प्रश्न विचारला. मराठी माणसांनी विचारलं, कुठला बँड? कॅनेडियन माणसांनी विचारलं, वाण म्हणजे काय? म्हणजे माझं दुःख पुरतं कळेल असा मनुष्य मला अजून भेटायचाय. बँडचं नाव मी इथेही सांगणार नाही. सांगितलं आणि तुम्ही ‘कोण?’ म्हणालात, तर मला दोन दिवस जेवण जात नाही. (अनुभव आहे.) दोघं इंग्रज, एक सिंथेसायझर, एक ताल धरणारं यंत्र, आणि आवाज असा की गाणारा आता रडणार असं वाटतं, पण आपला पाय काही थांबत नाही. एवढं पुरे.

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना माझा रूममेट नितीन याच्या मामाने लंडनहून या बँडच्या रेकॉर्डी आणल्या होत्या. नितीनने त्या मला कॅसेटवर भरून दिल्या. त्या कॅसेट मी हॉस्टेलवर ऐकल्या, पहिल्या नोकरीत ऐकल्या, लग्नानंतर बायकोला बसवून ऐकवल्या, आणि कॅनडाला येताना स्वेटरमध्ये गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून आणल्या. गोडा मसाला मोठ्या बॅगेत टाकला होता. तो फुटला. वैशाली, म्हणजे माझी पत्नी, हा विषय अजूनही काढते.

इथे कॅनडातल्याच केंब्रिजला नोकरी लागल्यावर मी मूळ एलपी जमवायला लागलो. एक ग्वेल्फच्या गराज सेलमध्ये मिळाली, दोन टोरांटोच्या एका तळघरातल्या दुकानात, शेवटची हॅलिफॅक्सच्या एका निवृत्त नौसैनिकाने पोस्टाने पाठवली. नऊ वर्षांत सात अल्बम पूर्ण झाले. सातही सीलबंद! कारखान्यातून निघाले तेव्हाचं पातळ प्लॅस्टिक जसंच्या तसं. मी ते फोडले नाहीत. रेकॉर्ड प्लेयर घेतला, तोही थर्माकोलमध्येच ठेवला. गाणी ऐकायची तर कॅसेट होत्या. सीडी आणि कॉम्प्युटरवरची गाणी मी भेसळ समजतो, त्यामुळे त्या वाटेला कधी गेलो नाही.

“ऐकायचे नाहीत तर आणलेस कशाला?” वैशालीने एकदा विचारलं.

“तू पैठणी रोज नेसतेस का?”

“निदान लग्नाला तरी नेसते.”

२००९ च्या जानेवारीत अल्बमचं ते लग्नही उभं राहिलं. ग्वेल्फला विद्यापीठाच्या परिसरात एक छोटं रेडिओ स्टेशन होतं. रविवारी दुपारी दोन ते तीन या वेळात गावातला एखादा हौशी श्रोता आपल्या रेकॉर्डी घेऊन यायचा, त्यांच्याबद्दल बोलायचा, वाजवायचा. मी चार ईमेल पाठवल्या होत्या. चौथीला उत्तर आलं. कार्यक्रम करणाऱ्या डगने लिहिलं होतं की पुढच्या रविवारी ये, तासभर तुझा!

मी किचनमध्ये नाचलो. खोटं सांगत नाही, हातात झारा घेऊन नाचलो. आमच्या तेरा वर्षांच्या सायलीने उठून खिडक्यांचे पडदे ओढले आणि “डॅड, प्लीज, द नेबर्स,” एवढंच म्हणाली. मला शेजाऱ्यांची पर्वा नव्हती. वीस वर्षं ज्या बँडबद्दल बोलायला मला माणूस मिळाला नव्हता, त्याच्याबद्दल मी आता अख्ख्या ग्वेल्फशी बोलणार होतो, आणि सातही अल्बमचं सील तिथे, सगळ्यांच्या कानांदेखत, एकेक करून फोडणार होतो. कामावर जाता-येता गाडीत मी भाषणाची तालीम सुरू केली. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघायचे. मी त्यांनाही दोन वाक्यं ऐकवायचो.

आता चूक कशी झाली ते सांगतो. रेडिओच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वैशालीने वाण म्हणून दहा चौकोनी ट्रे आणले होते, एकेक साधारण फूटभर. ते कागदात बांधायचं काम तिने मला दिलं, कारण माझी नोकरीच ती. गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. योग्य पार्ट योग्य खोक्यात गेला ना, हे बघायचा मला पगार मिळतो. मी दहा ट्रे सोनेरी कागदात असे बांधले की कडा बघून कोणीही खूष व्हावं. अर्धं भेंडोळं उरलं. रविवारी बर्फ पडणार असं सांगितलं होतं, अल्बम ओले व्हायला नकोत, म्हणून मी त्याच कागदात सात अल्बमही बांधले. मग बेसमेंटमध्ये टेबलावर दोन गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले आणि हात झटकले.

शनिवारी बाहेर उणे अठरा होतं. सात बायका आल्या. दाराशी बुटांचा ढीग झाला, वर तिळगुळ आणि अत्तराचा वास दरवळला, आणि रीतीप्रमाणे माझी रवानगी बेसमेंटमध्ये झाली. तिथे मी पंख्यासमोर उभा राहून भाषण म्हणत होतो. (पंखा बंद होता. तो माइक होता.) नेमका तिसऱ्या अल्बमपाशी आलो होतो, तेवढ्यात वरून वैशालीचा आवाज आला की वाण घेऊन ये. मी भाषण न थांबवता एक गठ्ठा उचलला. जिन्यात मोजलाही. सात बायका, सात पुडकी. इतकं बरोबर जुळल्यावर शंका कोणाला येते? वैशालीला वाटलं, मी शहाणपणाने तीन मागे ठेवलेत. मला काहीच वाटलं नाही. मी रेडिओवर होतो.

पुढचं आठवलं की अजून घाम फुटतो. बायका निघाल्या तेव्हा मी दाराशी उभा राहून सगळ्यांना निरोप दिला. ग्रेसीताई म्हणून आमच्या एक स्नेही आहेत. मूळच्या वसईच्या, तीस वर्षं चर्चच्या कॉयरमध्ये गातात, आणि आमच्या तिळगुळाला न चुकता येतात. त्या बूट घालत असताना त्यांचं पुडकं मी हातात धरलं होतं. ते जरा जड लागलं. मी मनात म्हटलं, वैशालीने ट्रे चांगले आणलेत. आणि दोन्ही हातांनी, वाकून, मी ते त्यांना दिलं.

संध्याकाळी साडेपाचला मी उद्याची बॅग भरायला खाली गेलो. टेबलावर एकाच गठ्ठ्यात दहा पुडकी होती. मी परत मोजली. दहाच. एक फोडलं. आत ट्रे होता. दुसरं फोडलं. ट्रे. दहाही फोडली. (चार फोडल्यावर थांबायला हरकत नव्हती, पण माणूस आशेवर जगतो.) मी तिथेच कागदांच्या ढिगात बसलो आणि वैशालीला हाक मारली. ती खाली आली, तिने एकदा ट्रेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तीही बसली.

मी म्हटलं, फोन करतो सगळ्यांना, परत मागतो. वैशाली ताडकन उठली.

“शिरीष, दिलेलं वाण परत मागत नाहीत.”

“चुकून गेलंय.”

“कसंही गेलं असू दे. सात बायकांना वाण देऊन दुसऱ्या दिवशी ते काढून घेणारं घर म्हणून मला इथे राहायचं नाहीये.”

सायली जिन्यावरून म्हणाली, “टेक्निकली डॅड, यू गिफ्टेड देम.” तिला मी वर पाठवलं. पण माझं तोंड बघून वैशालीला कणव आली असावी. जेवताना तिने तोड काढली. उद्या सकाळी प्रत्येकीकडे ट्रे घेऊन जायचं. खरं वाण हे, काल चुकून दुसरंच गेलं, असं सांगून तो द्यायचा. आणि गप्प बसायचं. अल्बम मागायचा नाही. त्यांनी आपणहून दिला तर घ्यायचा. मी तोंड उघडू नये म्हणून ती स्वतः बरोबर येणार होती.

रविवारी नऊलाच आम्ही किचनरला कुलकर्णीकाकूंच्या दारात. काकू आमच्या मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांनी ट्रे कौतुकाने घेतला, दोन-दोन वाणं मिळाली म्हणून आशीर्वाद दिला आणि चहा टाकला. माझा दुसरा अल्बम कुठे आहे ते मला शोधावं लागलं नाही. थंडीत काकूंची तुळस हॉलमध्ये असते. तिच्या कुंडीखाली होता. काकू म्हणाल्या, “ते तुझं पुठ्ठ्याचं फार छान आहे हो, वर प्लॅस्टिक आहे ना, खाली पाणी झिरपत नाही.” मी म्हटलं, तुळस छान वाढलीय. चहा आला. मी म्हटलं, तुळस फारच छान वाढलीय. चिवडा आला. पाचव्यांदा मी तुळशीचं कौतुक केल्यावर काकू मला एक रोप द्यायला निघाल्या. शेवटी वैशालीच म्हणाली, “काकू, हा ट्रे खोलगट आहे, यात पाणी जास्त राहील.” काकूंना पटलं. कुंडी ट्रेमध्ये गेली, आणि गरज संपलेला अल्बम त्यांनी माझ्या हातात दिला. त्याच्यावर एक ओलं वर्तुळ होतं. मी त्याला पोटाशी धरून गाडीत बसलो.

आता युक्ती सापडली होती. अल्बमचं जे काही केलं असेल, त्याला ट्रे जास्त बरा हे पटवायचं. वॉटर्लूला दीपाच्या घरी मात्र ही युक्ती चालेना. दीपा नागपूरची, आणि तिचा नवरा प्रशांत बाहेर ड्राइव्हवेवर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत उभा होता. हातात माझा पाचवा अल्बम.

“स्क्रेपर सापडून नाही राहिला शिरीषभाऊ,” तो म्हणाला, “पण हे काय मजबूत आहे राव.”

काचेवर तो असे झपाझप हात मारत होता की माझ्या छातीवर ओरखडे उठत होते. मी माझ्या गाडीतला स्क्रेपर आणला, त्याच्या हातात दिला, आणि अल्बम काढून घेतला. कोपरा मुडपला होता, प्लॅस्टिकवर बर्फाचे कण गोठले होते, पण सील शाबूत होतं! कॅनेडियन हिवाळ्याशी झुंज देऊन सील टिकलं! मी इतका हरखलो की प्रशांतची उरलेली काच मीच साफ करून दिली. वैशाली खिशात हात घालून उभी होती. तिने सांगितलं, बारा वाजेपर्यंत सहा घरं व्हायला हवीत.

झाली. एकीकडे अल्बम दह्याच्या भांड्यावर झाकण होता, एकीकडे त्यावर मुलाचा शाळेचा ज्वालामुखी उभा राहत होता, एकीकडे तो कागदातच होता. (त्या बाईंचे मी आजही मनातून पाय धरतो.) सहावीने मात्र तो त्याच संध्याकाळी मिसिसागाच्या दुसऱ्या हळदीकुंकवात पुढे दिला होता. तिथून तो ब्रॅम्प्टनला गेला असं कळलं. वाणाचा हा असा प्रवास कधी संपत नाही. आतापर्यंत तो व्हँकूव्हरला पोचला असेल.

राहिला एक. तिसरा अल्बम. तो माझ्या जिवाचा, आणि तो ग्रेसीताईंकडे. फोन उचलत नव्हत्या, कारण रविवार, म्हणजे मिस्सा. आम्ही ग्वेल्फला टेकडीवरच्या चर्चच्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिलो. पाऊणला त्या बाहेर आल्या, आम्हाला बघून हसल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “शिरीषभाऊ, तुमचं वाण काय सुंदर हो. काल दोनदा ऐकलं.”

“ऐकलं?”

“आमच्या ह्यांचा जुना प्लेयर आहे ना.”

“म्हणजे फोडलं?”

“न फोडता कसं ऐकणार?”

मी गाडीला टेकलो. वीस वर्षांचं प्रेम, नऊ वर्षांचा शोध, आणि ते सील एका शनिवारी नखाने टरकावलं गेलं होतं. मला खरोखर रडू येत होतं. वैशालीने त्यांना सगळी हकीकत सांगितली. बिचाऱ्या इतक्या वरमल्या की लगेच घरी नेऊन अल्बम हातात दिला. वर म्हणाल्या, रेडिओ स्टेशन मी कधी बघितलं नाही, येऊ का? नाही म्हणायचं त्राण माझ्यात नव्हतं.

दोनला पाच कमी असताना आम्ही पोचलो. डग म्हणजे दाढीवाला, चौकड्यांच्या शर्टातला, फार प्रेमळ माणूस. त्याने मला माइकसमोर बसवलं, बायकांना कोपऱ्यात खुर्च्या दिल्या, लाल दिवा लागला, आणि मी बोलायला लागलो. आणि काय बोललो म्हणून सांगू! पहिल्या अल्बमचं सील फोडलं तो आवाज ऐकून डग शहारला. दुसऱ्यावरचं तुळशीचं वर्तुळ, पाचव्यावरचा बर्फ, सगळं मी सांगितलं. डग हसता हसता खुर्चीवरून घसरला. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकत होतं, आणि मी आनंदाने नुसता उकळत होतो.

मग मी तिसरा अल्बम हातात घेतला आणि आवाज खाली आणला. म्हटलं, याचं शेवटचं गाणं जगात एकमेव आहे. ते संपत नाही, ते तुटतं. एका शब्दाच्या मधोमध, दार आपटावं तसं, आणि मग नुसती शांतता. आधुनिक माणसाचं एकटेपण इतक्या धीटपणे कोणी मांडलेलं नाही. या अर्ध्या शब्दावर मी कॉलेजच्या अंकात चार पानी लेख लिहिला होता. लग्न ठरवायला वैशालीच्या घरी गेलो तेव्हा तिलाही याच अर्ध्या शब्दाबद्दल सांगितलं होतं. डग गंभीर झाला.

कोपऱ्यातून ग्रेसीताई हळूच म्हणाल्या, “शिरीषभाऊ, ते तिथे थांबत नाही. पुढे आहे अजून.”

मी त्यांच्याकडे बघून समजूतदारपणे हसलो. नवशिक्या श्रोत्याला असं वाटतं. डगने सुई ठेवली. गाणं सुरू झालं. तो शब्द जवळ आला तसे मी डोळे मिटले आणि शांततेसाठी हात वर केला.

शब्द पूर्ण झाला.

त्याच्यापुढे आणखी एक शब्द आला. मग ओळ. मग अख्खं कडवं, मग एक ट्रंपेट, मग लहान मुलांचा घोळका एका सुरात गायला लागला! अडीच मिनिटं! माझा हात तसाच वर होता. त्या अडीच मिनिटांत मला सगळं लख्ख कळलं. नितीनने काटकसर म्हणून नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला एक अल्बम भरला होता. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. अल्बम साडेसत्तेचाळीस. माझं आधुनिक माणसाचं एकटेपण म्हणजे नितीनची संपलेली टेप होती.

मुलं गायची थांबली तेव्हा डगने माझ्याकडे बघितलं. मी वर धरलेला हात खाली घेतला. त्याने दयाळूपणे ग्रेसीताईंना माइकपाशी बोलावलं. त्यांनी ती शेवटची ओळ कशी बांधली आहे ते सांगितलं, मुलांच्या आवाजाखालचा दुसरा सूर गाऊन दाखवला, आणि वैशालीने कोपऱ्यातून टाळ्या वाजवल्या. तीन श्रोत्यांचे फोन आले. तिघांनाही त्या बाईंशी बोलायचं होतं. डगने त्यांना पुढच्या महिन्याचा तास देऊन टाकला. परतताना गाडीत वैशालीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली की कार्यक्रम फार चांगला झाला. एवढी वर्षं तिने माझी ती भाषणं कशी सोसली असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मी प्लेयर थर्माकोलमधून काढला आणि घरात राहिलेले सहाही अल्बम पूर्ण ऐकले. तिसऱ्याचा खरा शेवट सुंदर आहे, यात वाद नाही. डग म्हणतो, ग्रेसीताई म्हणतात, सायलीसुद्धा “नॉट बॅड” म्हणाली. मीही सगळ्यांसमोर तेच म्हणतो. पण घरात कोणी नसलं आणि मी ती रेकॉर्ड लावली, की त्या शब्दाच्या मधोमध हात आपोआप पुढे जातो, मी सुई उचलतो, डोळे मिटतो, आणि रिकाम्या हॉलला ठणकावून सांगतो, “याला म्हणतात शेवट.”